अखेर सी८ दिसलं! आयडल २६ वरून १३ वॅट

मंडळी, काल रात्री साडेबाराला पॉवरटॉपमध्ये (वीजवापर दाखवणारं लिनक्सचं साधन) पॅकेज सी८ च्या ओळीत ८७ टक्के दिसले (ही अख्ख्या प्रोसेसरच्या झोपेची पातळी, आकडा मोठा तितकी झोप गाढ) आणि खरं सांगते, इतका आनंद पहिल्यांदा मशीन बूट झालं तेव्हाही झाला नव्हता.

मागच्या अपडेटपर्यंत नास (घरच्या नेटवर्कवर फाइल साठवणारं मशीन) चालू झाला होता, चारही डिस्क नीट दिसत होत्या, पण आयडल, म्हणजे काम नसतानाचा वीजवापर, २६ वॅटच्या खाली यायचं नावच घेत नव्हता, आणि तेही डिस्क झोपलेल्या असताना. तो जुना आय५-८५०० वाला ऑफिस डबा घेतानाच सगळं गणित आयडलवर मांडलं होतं, कारण हे मशीन दिवसातला बहुतेक वेळ नुसतं बसूनच राहणार. एक वॅट वर्षभर चालू राहिला की ८.७६ युनिट होतात, त्यामुळे माझ्यासाठी एकेक वॅट महत्त्वाचा.

आधी डिस्कवर संशय होता, त्या काढल्या, फारसा फरक नाही. पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून झालं, बायोसमधलं सी-स्टेट आणि एएसपीएम (पीसीआय लिंक झोपवून वीज वाचवणं) दोन-दोनदा तपासलं, साटाचं (डिस्क जोडायचं कनेक्शन) लिंक पॉवर मॅनेजमेंट बदललं, तरी पॅकेज सी२ वरच अडकलेलं. मग वैतागून पाच पोर्टवालं साटा कार्डच उपसलं आणि मीटर थेट ९ वर! म्हणजे चोर सापडला. एलएसपीसीआयमध्ये (पीसीआय उपकरणांची यादी देणारी कमांड) त्या कार्डापुढे एएसपीएम डिसेबल्डच येत होतं, आणि एक जरी पीसीआय लिंक जागी राहिली की अख्खं पॅकेज जागं राहतं, कोअर कितीही गाढ झोपले तरी.

म्हणून एएसएम११६६ चिपवालं सहा पोर्टचं कार्ड मागवलं. (लिस्टिंगमध्ये चिपचं नाव न लिहिणाऱ्या विक्रेत्याकडून कार्ड घेऊच नका, माझं ठाम मत आहे.) कार्ड आलं, लावलं, एएसपीएम एनेबल्ड दिसलं, आणि मीटरवर २४. दोन वॅट फक्त! पॅकेज सी३ वर थांबलेलं. पुढचे तीन दिवस कर्नल बदल, केबल बदल, एकेक पोर्ट रिकामा करून बघ, हेच चाललं होतं, रोज रात्री तोच आकडा.

शेवटी बोर्डाचं मॅन्युअल काढून स्लॉटचा नकाशा बघितला तेव्हा लक्षात आलं की मी कार्ड मोठ्या एक्स१६ स्लॉटमध्ये लावलंय आणि तो थेट सीपीयूला जोडलेला आहे, म्हणूनच पॅकेज सी३ च्या पुढे जात नव्हतं. चिपसेटकडून (बोर्डावरची वेगळी चिप) येणारा स्लॉट एकच, एक्स१ म्हणजे एका लेनचा, आणि त्याची मागची भिंत बंद, त्यामुळे लांब कार्ड बसेना. बराच वेळ विचार केला, मग कटरचं पातं तापवून ती प्लास्टिकची भिंत हळूहळू कापली. मागे कपॅसिटर वगैरे काही आडवं येत नाही ना ते आधी बघून घेतलं, तुम्हीही बघा. हात थरथरत होते पण काप एकदम स्वच्छ आला. कार्ड बसलं, बूट केलं, दहा मिनिटं थांबले, आणि सी८! चार डिस्क स्टँडबायमध्ये असताना १३ वॅट, म्हणजे वर्षाला साधारण ११४ युनिट वाचले.

एक्स१ मुळे स्पीड जाईल असं वाटत असेल तर, पीसीआय थ्री पॉइंट झिरोच्या एका लेनवर सेकंदाला ९८५ एमबी जातात आणि माझं नेटवर्क गिगाबिट, ते ११५ च्या आसपासच संपतं. चारही डिस्क एकदम वाचताना थोडं कमी पडेल तेवढंच.

दोन बारीक गोष्टी. स्मार्टडी (डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) दर ३० मिनिटांनी डिस्क तपासतो आणि झोपलेल्या डिस्क उठवू शकतो, स्टँडबायमध्ये असेल तर सोड असं कॉन्फिगमध्ये लिहून ठेवा. आणि मोलेक्स-टू-साटा वायर ओतीव प्लास्टिकवाली अजिबात वापरू नका, आत शॉर्ट होऊन जळतात, क्रिंप केलेलीच घ्या. आणि हो, वॅट बघायचे तर भिंतीवरच्या मीटरवरच, पॉवरटॉपचे आकडे नुसते अंदाज असतात.

आता पुढचं. कमी वीज खाणाऱ्या इंटेल एन१०० प्रोसेसरच्या बोर्डावर जायचं ठरवलं होतं ते रद्द, १३ वॅटवर असताना तेवढा खर्च करून हाती काय लागणार. झेडएफएसवर रेडझेड (फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कवर पसरवणारी पद्धत) करायचं हे पक्कंच होतं, पण हे लिहिता लिहिताच वाटायला लागलंय की त्यात एक फोटो उघडला तरी चारही डिस्क उठणार, आणि फिरती डिस्क प्रत्येकी ४-५ वॅट खाते. मर्जरएफएस (वेगवेगळ्या डिस्क एकच फोल्डर म्हणून दाखवतं) आणि स्नॅपरेड (ठरावीक वेळी सिंक करून पॅरिटी, म्हणजे डिस्क गेली तर डेटा परत मिळवायची माहिती, लिहून ठेवतं) केलं तर ज्या डिस्कवर फाइल आहे तेवढीच फिरेल. तोटा एवढाच की दोन सिंकच्या मधे आलेल्या फाइलला पॅरिटीचं संरक्षण नाही, पण माझ्याकडे बहुतेक फोटो आणि व्हिडिओ, एकदा ठेवले की बदलत नाहीत, आणि रोजच्या बदलत्या फाइल एसएसडीवर ठेवता येतील, त्यांचा बॅकअप वेगळा. हो, हेच करते. पूल अजून रिकामाच आहे, आज रात्री डिस्क एक्सटी४ ला फॉरमॅट करून कॉपी लावते, पहिलं सिंक झालं की आकडे टाकते.