तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरचं मशीन

घरी कुणीही आलं, की चहा हातात पडेपर्यंत त्याची नजर माळ्यावर जातेच. निळ्या ताडपत्रीत बांधलेलं खोकं, एका बाजूने पंख्याची जाळी दिसते. मग प्रश्न येतो. "काकी, हे अंडी उबवायचं मशीन ना? मग बंद का? घरात मशीन असून उबवायला बसणाऱ्या खुडूक कोंबडीची वाट कशाला बघत बसता?" बचत गटातल्या बायका विचारतात, अंडी न्यायला येणारे दर खेपेला विचारतात, पुण्याची नोकरी सोडून आलेल्या पुतण्याने तर दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा थेट ते विकत घ्यायची किंमत सांगितली.

आजवर माझं एकच उत्तर होतं. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात वीज गेली, अंडी वाया गेली, तेव्हापासून मन उडालं. आमच्या श्रीवर्धन तालुक्यात एवढं सांगितलं की पुढे कुणी विचारत नाही. ज्याच्या त्याच्या सुपाऱ्या आडव्या झालेल्या, ज्याची त्याची कौलं उडालेली. ऐकणारा हळहळतो आणि विषय तिथेच मिटतो. पण त्या उत्तरात मी एक गोष्ट गाळत आले आहे. ती आज सांगते, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर हेच वाचायला देता येईल.

आधी हिशोबाचं बोलू, कारण तुम्ही हिशोबानेच विचारता. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तीही टप्प्याटप्प्याने. बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते. अंड्यांवर एकवीस दिवस बसते, मग दीड-दोन महिने पिल्लांमागे फिरते, आणि तेवढे दिवस अंडं नाही. म्हणजे एका रवणीला, एकदा कोंबडी अंड्यांवर बसवायला, मी जवळजवळ तीन महिन्यांचं उत्पन्न सोडते. हे मला कळत नाही असं समजू नका. माझी आई खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळून काढायची, नाकात पीस खोवायची, का तर तिचं खुडूकपण उतरावं आणि ती परत अंड्यावर यावी. गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया या जाती सहसा खुडूक होतच नाहीत, त्यांची पिल्लं काढायची तर मशीन हवं नाहीतर गावठीचं पोट हवं. हे सगळं मान्य करूनच २०१९च्या दिवाळीत मी ते मशीन घेतलं होतं. साठ अंड्यांचं. कर्ज काढून नाही, स्वतःच्या अंड्यांच्या पैशातून. ते आल्यावर मी आठ दिवस त्याच्या शेजारी चटई टाकून झोपले आहे. तेव्हा कुणी मला खुडूक कोंबडीचं कौतुक सांगितलं असतं तर मीच त्याला मागासलेला म्हटलं असतं.

पहिली खेप मार्च २०२० ची. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो अशी अफवा होती, अंडी कुणी घेईना, तर म्हटलं ताजी ताजी बघून मशीनला लावू. साठातून एक्केचाळीस पिल्लं निघाली. सगळं आळीभर सांगून झालं. दुसरी खेप लावली १६ मेला.

सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून अंडी तपासली. ज्यात जीव धरला होता त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसत होत्या, आठ अंडी वांझ निघाली, ती काढली. उरली बावन्न. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवून आडवी ठेवायची आणि ओल वाढवायची, असं मशीनसोबतच्या कागदावर होतं. तो अठरावा दिवस म्हणजे ३ जून, वादळाचा दिवस.

वादळाचं मी सांगत नाही, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. दुपारी पडवीवरचे पत्रे गेले, माजघरावरची कौलं गेली, आणि मशीन आम्ही दोघांनी उचलून देवघराच्या कोपऱ्यात नेलं, कारण तेवढाच कोपरा कोरडा होता. वीज त्याच्या आधीच गेली होती. ती परत यायला आमच्या वाडीत महिना लागला, पण त्या संध्याकाळी वाटत होतं की उद्या येईल.

मशीनची काच उघडून हात घातला तर अंडी कोमट होती. गोधडी गुंडाळली. चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरलं, त्या फडक्यात गुंडाळून चारी बाजूंनी लावल्या. दर दोन तासांनी बदलल्या. ३ जूनची रात्र अशी गेली. ४ तारखेला सकाळी मी एक अंडं कानाला लावलं आणि ते हललं. आतून खरवडल्यासारखं काहीतरी.

पडवीच्या उरलेल्या कोपऱ्यात, भाताच्या तुसाच्या बुट्टीत, एक काळी कोंबडी नऊ अंड्यांवर बसलेली होती. मशीनच्या दोनच दिवस मागे. बुट्टीत आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांच्या रिवाजाप्रमाणे कोळशाचा तुकडा, लोखंडी खिळा आणि सुकी मिरची ठेवली होती. गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. वादळात ती कोंबडी हललीच नाही. पाऊस ओसरल्यावर ४ तारखेला ती उठली, चिखलात दहा-पंधरा मिनिटं फिरली, विष्ठा टाकली, दोन दाणे टिपले आणि परत येऊन बसली. अंडी तेवढा वेळ उघडी, थंड हवेत. मला धस्स झालं होतं.

संध्याकाळी आई म्हणाल्या, "तिच्या पोटाखाली मावतील तेवढी घाल. बाकीच्यांना आता देव." मी पाच घातली. जास्त घातली तर तिची स्वतःचीही उबेबाहेर जातील, असं मला वाटलं. उरली सत्तेचाळीस.

आता ते सांगते जे गाळत आले.

त्या रात्री मी थकले होते. दोन रात्री झोप नव्हती, घरात पाणी होतं, उडालेली कौलं वेचून हातांना जखमा झाल्या होत्या. दर दोन तासांनी उठायचं नाही असं मी ठरवलं. म्हणून उकळतं पाणी भरलं, बाटल्या दुप्पट लावल्या, फडकं काढून टाकलं, वर दोन गोधड्या घातल्या आणि चारही बाजूंची हवा बंद केली. मला भीती फक्त थंडीची होती. मशीनमध्ये काचेचा एक छोटा थर्मामीटर होता, तो झोपण्याआधी मी पाहिला नाही. पहाटे गोधडी काढली तेव्हा पारा ४२च्या वर होता. अंडं उबवायला लागतात साडेसदतीस अंश.

तेव्हा माहीत नव्हतं ते आता माहीत आहे. शेवटच्या आठवड्यात पिल्लू स्वतःची उष्णता तयार करत असतं. थोडा वेळ गार पडलं तर ते मागे पडतं, एखादा दिवस उशिरा निघतं, बरीचशी तगतात. जास्त उष्णता मात्र त्याला मारते, आणि त्याला फार वेळही लागत नाही. कोंबडी चिखलात फिरायला गेली होती तेव्हा अंड्यांचं काहीच बिघडत नव्हतं.

६ तारखेला सहा अंडी टोचली गेली. बारीक भोक, त्यातून चोचीचं टोक, आणि आवाज. अंड्याच्या आतून पिल्लू बोलतं तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला मी काय सांगू. तो दिवसभर होता. संध्याकाळपर्यंत भोकं तेवढीच राहिली. ओल नव्हती, आतली पापुद्र्यासारखी त्वचा सुकून पिल्लाला चिकटली होती. मला ते बघवेना. मी नखाने कवच सोलायला घेतलं. पहिल्याचा पापुद्रा उचलला तर त्यातल्या शिरा अजून भरलेल्या होत्या. थेंब आला, मग धारच आली. दुसऱ्याचं पोट उघडं होतं, पिवळा बलक आत ओढला गेला नव्हता, तो माझ्या बोटांना लागला. तरी मी थांबले नाही, तिसरं आणि चौथं पण सोललं. हे का केलं ते मला आजही सांगता येत नाही. दोन आपणहून निघाली. त्यातलं एक रात्री गेलं.

सत्तेचाळीसातून एक.

काळ्या कोंबडीखाली घातलेल्या पाचांतून चार निघाली. तिच्या नवांतून आठ.

तेच माझ्याविरुद्धचं उत्तर आहे. अंडी ४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत जिवंत होती. एकाच खोक्यातली, एकाच वादळातली. वीज गेल्याने ती मेली नाहीत. मी काही दिवस स्वतःला समजावत होते की पाच मी निवडून घेतली होती, चांगली हलणारी, म्हणून ती जगली. तेही खरं आहे, निवडूनच घेतली होती. पण उरलेली सगळीच कमजोर होती असं मानायला मी तयार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग चूक मशीनची नाहीच, इन्व्हर्टर घ्या आणि चालवा. हेच पुतण्या म्हणतो. इन्व्हर्टर घरात आहे, २०२२ पासून. तरी मशीन माळ्यावरच आहे. कारण विचारलंत तर मला त्या पेटीशेजारची मी आवडत नाही. आकडा बघत बसणारी, झाकण उघडणारी, मदत करायला जाणारी. कोंबडीपुढे मला हात घालायला जागाच नसते. हात घातला की ती टोचते.

आणि कोंबडी काही देवी नाही, हेही सांगते, कारण मी खुडकीचं कौतुक करते असा तुमचा समज झालेला दिसतो. गेल्या उन्हाळ्यात पिसवा झाल्या म्हणून एक कोंबडी पंधराव्या दिवशी अकरा अंडी सोडून उठली ती उठलीच. त्यानंतर मी बुट्टीत राख आणि कडुनिंबाचा पाला घालायला लागले. एकीने नुकतं फुटलेलं पिल्लू पायाखाली चिरडलं. मुंगसाने तर कितीदा नेली. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस शंभर पिल्लांच्या बाटलीत येते, बाटली फोडली की दीड-दोन तासांत संपवावी लागते, आणि माझी एका वेळी दहा-बाराच पिल्लं. मशीनवर एकदम पन्नास निघाली असती तर लस वाया गेली नसती. आता आळीतल्या चार घरांच्या रवणी आम्ही एकाच आठवड्यात बसवतो, म्हणजे सगळ्यांची पिल्लं एकदम लसीला येतात. त्यातही एखादीची कोंबडी खुडूकच होत नाही आणि सगळं बारगळतं. ज्याला पिल्लं विकून घर चालवायचं आहे त्याने माझं ऐकू नये. त्याने मशीनच घ्यावं.

२०१९ची मी आज समोर आली तर म्हणेल, एका रात्रीसाठी पाच वर्षं बंद ठेवलंस? तिला माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच म्हणेन की तू अजून एकही अंडं सोललेलं नाहीस.

गेल्या मे महिन्यात हे गावाला गेले होते तेव्हा मी मशीन खाली उतरवलं. ताडपत्री सोडली, आतली जळमटं काढली, पाण्याचा ट्रे घासला, प्लग लावला. पंखा पहिल्या झटक्यात फिरला. दोन तासांत पारा साडेसदतीसवर येऊन थांबला आणि दोन दिवस तिथेच राहिला. आत एकही अंडं नव्हतं. दोन दिवस मी येता जाता काचेतून बघत होते. तिसऱ्या दिवशी पुसून परत बांधलं.

पुतण्याला मी अजून हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. दिलंच तर काचेचा थर्मामीटर सोबत देईन. तो खोक्यात नाही, माझ्या कपाटात आहे.