कैरीच्या वाटेने नासपती

सप्टेंबरच्या मध्यावर परसातल्या झाडाखाली पहिली चार-पाच फळे पडलेली दिसली, की मी पुढच्या पंधरा दिवसांतली शक्य तेवढी इतर कामे बाजूला ठेवते. इंग्लंडच्या दक्षिणेला, केंट परगण्यात, आम्ही हे घर घेतले तेव्हा नासपतीचे झाड आधीपासूनच उभे होते. गेल्या वर्षी त्या एकट्या झाडाने 38 किलो फळ दिले आणि घरात खाणारी माणसे तीन. शेजाऱ्यांना पिशव्या भरून द्याव्यात, तर बहुतेकांच्या परसात याच दिवसांत सफरचंदे किंवा नासपतीच पिकत असतात. त्यामुळे आलेले फळ स्वयंपाकघरातच सत्कारणी लावावे लागते, आणि त्याची माझी रीत आता चांगली बसली आहे.

झाड 'कॉन्फरन्स' जातीचे आहे. हर्टफर्डशरमधल्या रिव्हर्स यांच्या रोपवाटिकेत ही जात तयार झाली. 1885 साली लंडनमध्ये नासपतीविषयी जी परिषद भरली होती, तिच्यावरून तिला हे नाव मिळाले. फळ लांबट असते, साल हिरवट आणि तिच्यावर तपकिरी, खरबरीत छटा असते. स्वयंपाकाच्या दृष्टीने तिचा मोठा गुण असा, की शिजवल्यावर फोड आपला आकार धरून राहते, तिचा लगदा होत नाही. एप्रिलमध्ये मोहोराच्या वेळी थंडी लांबली आणि मधमाश्या फिरकल्या नाहीत, तरीही हे झाड थोडेफार फळ धरते. अशी परागीभवन न झालेली फळे काकडीसारखी सडपातळ निघतात आणि त्यांत बी जवळजवळ नसते. दिसायला ती बेढब असली तरी मी ती वेगळी काढून ठेवते, कारण मधला गाभा काढण्याचे काम वाचते आणि फोडी एकसारख्या होतात.

नासपती झाडावर पिकू द्यायची नसते, हे मला पहिल्या वर्षी ठाऊक नव्हते. हे फळ गाभ्याकडून बाहेरच्या बाजूला पिकत जाते, म्हणून झाडावर हाताला मऊ लागेपर्यंत वाट पाहिली तर आतला भाग तपकिरी आणि पिठूळ होऊन गेलेला असतो. फळ तयार झाले आहे पण अजून कठीण आहे, अशा अवस्थेत ते देठासकट काढावे लागते. तळहातावर फळ धरून हलकेच वर, आडवे होईपर्यंत उचलायचे. देठ फांदीपासून सहज सुटला तर ते तयार आहे, ओढावे लागले तर आणखी आठवडाभर राहू द्यायचे. मी हे जाणून घेतले तोवर पहिल्या वर्षाचा बराचसा माल वाया गेला होता. जो उरला तो सगळा एकदम उबदार स्वयंपाकघरात आणून ठेवला, तेव्हा पाच दिवसांत दोन्ही खोकी एकाच वेळी पिकली आणि त्यांतली निम्मी फळे खताच्या ढिगात टाकताना मला फार वाईट वाटले.

त्या आठवड्यात सासूबाईंशी फोनवर बोलताना मी हे सारे सांगितले. त्या राजापूरच्या, नासपती त्यांनी बाजारातही क्वचितच घेतली असेल. त्या म्हणाल्या, "अगं, कठीण फळ काढायचं नि घरात पिकवायचं, म्हणजे आंब्यासारखंच की! अढी घाल. आणि कैरीचं करतेस तसंच याचं कर. कच्चं आहे तोवर तिखट-आंबट, पिकलं की गोड, उतरलं की आटव." या सल्ल्यावर माझे सगळे स्वयंपाकघर आजवर चालले आहे. इथल्या पाककृती बहुधा पिकलेले फळ गृहीत धरतात, आणि घरच्या झाडाची अडचण नेमकी ही असते, की पिकलेले फळ दोनच दिवस पिकलेले राहते. एकाच फळाला तीन वये असतात असे मानले आणि प्रत्येक वयाला वेगळा पदार्थ ठरवला, की 38 किलोंचा धाक वाटत नाही.

अढी मी वर्तमानपत्रांची घालते. बागेतल्या थंड शेडमध्ये खोक्यांत फळांचे थर एकमेकांना न लागतील असे ठेवते आणि दर तीन-चार दिवसांनी आठ-दहा फळे घरात आणून केळ्यांशेजारी ठेवते. पिकणाऱ्या केळ्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे नासपती लवकर पिकते. पिकली की नाही हे पोटाकडे दाबून कळत नाही. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबल्यावर तिथला भाग किंचित दबला, तर फळ त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवायचे.

कठीण फळांचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे मेथांबा, आणि माझ्या मते तो कैरीच्या मेथांब्याच्या अगदी जवळ जातो. एक किलो फळांची साले काढून, गाभा काढून, बोटाच्या पेराएवढ्या फोडी कराव्यात आणि त्या काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात ठेवाव्यात. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग आणि एक लहान चमचा मेथीदाणे घालून, मेथी तांबूस झाली की लगेच हळद व निथळलेल्या फोडी टाकाव्यात. मेथी काळी होऊ दिली तर सगळ्या पदार्थाला कडवटपणा येतो आणि तो नंतर गुळानेही झाकला जात नाही. अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवावे. फोडीत सुरी सहज जाऊ लागली, की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन लहान चमचे तिखट, मीठ आणि अडीचशे ते तीनशे ग्रॅम गूळ घालून रस दाट होईपर्यंत शिजवावे. कैरीला याहून बराच जास्त गूळ लागतो, पण नासपती मुळातच गोड असते आणि तिच्यात आंबटपणा फार कमी असतो, म्हणून इथे गूळ आवरता घ्यायचा आणि चिंच मोकळ्या हाताने घालायची. चिंचेऐवजी चार-पाच आमसुले भिजवून घातली तरी छान लागते, फक्त रंग गडद होतो. कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलेला मेथांबा आमच्याकडे दोन-तीन आठवडे सहज टिकतो. तो पोळीशी तर लागतोच, शिवाय भाजलेल्या पावावर चीजबरोबर खाल्ला तर इथल्या पाहुण्यांनाही मनापासून आवडतो.

घाईच्या दिवशी याच कठीण फळाची कोशिंबीर करते. सालासकट किसून लगेच लिंबू पिळायचे, दाण्याचे कूट, मीठ, ओले खोबरे आणि वरून हिरव्या मिरचीची तुपातली फोडणी. साखर घालू नये.

नुकतेच पिकलेले, पण अजून घट्ट असलेले फळ मी सासवासाठी, म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातल्या फोडींसाठी, राखून ठेवते. कोकणात आणि गोव्यात आंब्याचे सासव होते, ते रायवळ आंब्यांचे. ते आंबे स्वतःचा रस सोडतात, नासपती तेवढा सोडत नाही, म्हणून वाटण थोडे सैल ठेवावे लागते. एक वाटी ओले खोबरे, दोन सुक्या मिरच्या आणि अर्धा लहान चमचा मोहरी बारीक वाटायची, पण मोहरी अगदी शेवटच्या फेऱ्यात टाकायची, कारण ती जास्त वाटली गेली की कडवट होते. चार फळांच्या फोडींना हे वाटण, गूळ, मीठ आणि थोडा चिंचेचा कोळ लावून मंद आचेवर फक्त गरम करायचे, उकळू द्यायचे नाही. मोहरीचा झणका नाकात जायला हवा आणि त्यामागून फळाचा गोडवा यायला हवा. नासपतीचा वास मंद असतो, तो वेलचीखाली दबून जातो, म्हणून गोड पदार्थांतही मी वेलचीऐवजी आल्याचा रस किंवा सुंठ वापरते. आले आणि नासपती यांची जोडी इंग्रजी स्वयंपाकातही जुनी आहे आणि ती अगदी योग्य आहे.

शिरा करताना फोडी आधी तुपावर वेगळ्या परतून घ्याव्यात आणि रवा फुलल्यावर शेवटी मिसळाव्यात. एक वाटी रव्याला एक वाटी फोडी आणि अर्धी वाटी साखर पुरते.

उतरलेल्या फळांचे काम वेगळे. डागाळलेला भाग निःसंकोच काढून टाकून उरलेला गर थोड्या पाण्यात शिजवून गाळून घ्यायचा. नुसत्या नासपतीचा जॅम मला कधीच मनासारखा जमला नाही, कारण पिकलेल्या नासपतीत पेक्टिन कमी असते आणि जॅम पातळ राहतो. आता मी दोन भाग नासपतीला एक भाग ब्रॅम्ली सफरचंद घालते. हे आंबट, फक्त शिजवून खायचे सफरचंद याच दिवसांत पिकते, शेजारून आनंदाने मिळते, आणि त्यातला आंबटपणा व पेक्टिन दोन्ही कामी येतात. अशा बरण्याही मी बाहेर न ठेवता फ्रिजमध्येच ठेवते, कारण नासपतीचा आंबटपणा टिकवणीसाठी पुरेसा भरवशाचा नसतो.

तरीही उतरलेल्या फळांचे सर्वांत समाधान देणारे रूप म्हणजे साठ, आंबापोळीसारखी वाळवलेल्या गराची पोळी. गाळलेल्या एक किलो गराला एका लिंबाचा रस आणि चिमूटभर सुंठ लावायची, साखर बहुतेक वेळा लागतच नाही. जाड बुडाच्या पातेल्यात तो श्रीखंडाच्या चक्क्याइतका घट्ट आटवायचा, म्हणजे पुढचे वाळवण लवकर होते. ओव्हनच्या ट्रेवर कागद घालून त्यावर बोटभर नव्हे, जेमतेम पाव बोट जाडीने गर पसरायचा आणि कडा मध्यापेक्षा किंचित जाड ठेवायच्या, कारण त्या आधी वाळून तडकतात. राजापूरला अंगणातले मे महिन्याचे ऊन हे काम करते. इथे ऑक्टोबरमध्ये तसे ऊन नाही, म्हणून ओव्हन 70 अंशांवर ठेवून, दारात लाकडी चमचा अडकवून वाफेला वाट करून देते आणि सहा ते आठ तास वाळू देते. बोट लावल्यावर चिकटेनासे झाले की गुंडाळी करून पट्ट्या कापायच्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायच्या. गेल्या डिसेंबरात भारतात गेलो, तेव्हा असा एक डबा सासूबाईंसाठी नेला होता. त्यांनी एक पट्टी तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि म्हणाल्या, "सुंठ थोडी कमी घाल, फळ लपतंय." या वर्षी मी ती निम्मी केली आहे.