हॉटेलातले काम अर्जात कसे लिहावे?

जालना, बीड, परभणीकडून येऊन छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलांत कामाला लागलेली मुले नव्या नोकरीचा अर्ज तपासून घ्यायला माझ्याकडे येतात. ‘सर, भारी इंग्रजी लिहिले नाही तर अर्ज कोणी वाचेल का?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भारी इंग्रजीची गरज नाही, केलेले काम साध्या शब्दांत लिहावे. हुद्दा मात्र व्यवसायात जसा बोलला जातो तसाच लिहावा. कॉमी (कनिष्ठ स्वयंपाकी), शेफ द पार्टी (किचनच्या एका विभागाचा प्रमुख), सू शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा दुय्यम) ही नावे तर इंग्रजीही नव्हेत, फ्रेंच आहेत. ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफने १९व्या शतकाच्या अखेरीस मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात लष्करी धर्तीची जी उतरंड बसवली, तिच्याबरोबर ती जगभर गेली. अजिंठा आणि वेरूळची लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत आली, १९८९ साली ताज समूहाच्या सहकार्याने हॉटेल व्यवस्थापनाची संस्था इथे निघाली, आणि ही नावे आपल्याकडच्या मुलांच्याही तोंडी बसली. ‘कॉमी थ्री’ एवढे वाचले की उमेदवार कोणत्या पायरीवर आहे ते शेफला कळते. तिथे ‘कनिष्ठ स्वयंपाकी’ लिहून काहीच साधत नाही.

खरी अडचण हुद्द्याच्या खालच्या ओळींत असते. ‘एन्शुअरिंग गेस्ट सॅटिस्फॅक्शन’, ‘टीम प्लेअर’, ‘फास्ट-पेस्ड एन्व्हायर्नमेंट’ असे उचललेले शब्द स्टुअर्डच्या, म्हणजे वाढप्याच्या, अर्जात असतात आणि हाउसकीपिंगच्या मुलाच्याही अर्जात तेच असतात, मग दोघांनी नेमके काय केले हे वाचणाऱ्याने ओळखायचे कशावरून? म्हणून मी आधी कागद बाजूला ठेवायला लावतो आणि पाळीत काय काय करतोस ते मराठीत सांग म्हणतो. मग मुलगा भडाभडा सांगू लागतो: चेकआउट झालेल्या खोल्या आधी घेतो, चादरी-टॉवेल मोजून लाँड्रीला देतो, मिनीबार तपासतो, पाहुण्याची विसरलेली वस्तू नोंद करून जमा करतो, आणि सुपरवायझरने पाहिल्यावरच खोली फ्रंट ऑफिसच्या हवाली होते. हेच साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवले की अर्ज तयार होतो. त्यासाठी शब्दकोशही फारसा लागत नाही.

ढाब्यावर काम केलेली मुले तर ते कामच लपवतात, किंवा त्याला ‘कलिनरी एक्झिक्युटिव्ह’ असले नाव देतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत तंदूर सांभाळलेला हात मोठ्या हॉटेलच्या इंडियन विभागाला हवाच असतो, आणि त्या भपकेबाज नावाखाली तोच दिसेनासा होतो. शिवाय किचनच्या नोकरीत मुलाखतीनंतर बहुतेक ठिकाणी पदार्थ करून दाखवावा लागतो. ‘तंदूर, नान व रोटी, बीड बायपासवरील ढाबा’ असे सरळ लिहिलेल्या मुलाला शेफ कणीक कशी मळतोस ते विचारतो, आणि त्याचे उत्तर त्याच्याकडे तयार असते.

राहिला प्रश्न हॉटेलांनीच दिलेल्या लांबलचक नावांचा. नियुक्तिपत्रात ‘गेस्ट एक्सपिरियन्स असोसिएट’ असेल तर तसेच लिहावे, कारण नवा मालक जुन्या ठिकाणी फोन करून तेच नाव विचारणार आहे. त्याच्या खालच्या ओळीत मात्र रिसेप्शनवर होतो, रेस्टॉरंटच्या दाराशी होतो की बँक्वेटला, हे सांगून टाकावे.