एका पानाच्या करारापासून

आमचं पहिलं करारपत्र एका पानाचं होतं. हजार प्रती, छापील किमतीवर दहा टक्के मानधन, लेखकाला पंचवीस भेटप्रती, खाली दोन सह्या. 'पुस्तकरूपाने प्रकाशित करण्याचे हक्क' या एका ओळीत सगळं मावतं अशी आमची समजूत. आज तेच करारपत्र सहा पानांचं झालंय.

डीटीपीची, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याची, कामं घेता घेता आम्ही प्रकाशक झालो. दुसऱ्यांच्या पुस्तकांची पानं लावून कंटाळा आला, एवढंच त्याचं कारण.

पहिलं कलम वाढलं ते ई-बुकचं. ई-बुक वाचायचं यंत्र किंडल 2007 साली आलं, आम्ही जागे झालो बऱ्याच वर्षांनी. लेखक तयार होते, फायली आमच्याकडेच होत्या, म्हटलं आठवड्याचं काम. फाइल उघडली तर 'गर्दी'चं 'गदीर्' आणि 'वर्ष'चं 'वषर्'! जुने फॉन्ट अक्षर दिसतं त्या क्रमाने साठवायचे, रफार अक्षराच्या मागून आणि ऱ्हस्व वेलांटी आधी. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताचा क्रम उच्चाराचा. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने निम्म्या ठिकाणी हात टेकले. आमच्या मुद्रितशोधक बाई तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, ही दुरुस्ती नाही, ही नवी जुळणीच आहे." सव्वादोनशे पानांना सात आठवडे लागले. ई-बुक किती खपलं ते विचारू नका. पण ती फाइल स्वच्छ झाली म्हणून पुढचं सगळं जमलं.

पुढचं म्हणजे मागणीनुसार छपाई. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरच्या नेहमीच्या छपाईला, प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च तीनशे प्रतींना तेवढाच, हजारला तेवढाच. म्हणून हजार छापायच्या आणि सहाशेंवर धूळ बसू द्यायची. डिजिटल छपाईत प्रतीमागे खर्च जास्त, पण पन्नास छापून थांबता येतं. गोदामाची खोली रिकामी झाली, कवितासंग्रहांना होकार देण्याची हिंमत आली. मग एका कथाकाराने पेच टाकला. करारात होतं, 'प्रती संपल्यावर दोन वर्षांत पुनर्मुद्रण न झाल्यास हक्क लेखकाकडे परत'. ते म्हणाले, "आता प्रती संपणार कधी?" खरंच की. पुस्तक कागदोपत्री कायम उपलब्ध, आणि दोन वर्षांत विक्री अकरा. हक्क तिथल्या तिथे परत केले. आता करारात विक्रीचा आकडाच घालतो. सलग दोन वर्षं पन्नासच्या आत राहिलो, तर पुस्तक लेखकाचं.

अनुवादकाचं नाव आम्ही पूर्वी आतल्या पानावर टाकायचो. ही आमची चूक, दुसऱ्या कुणाची नाही. इंग्रजीत अनुवादित साहित्याचा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार 2016 पासून एकेका पुस्तकाला मिळतो आणि त्याचे 50,000 पौंड लेखक-अनुवादकात निम्मे-निम्मे वाटले जातात. 2025 मध्ये बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांना कन्नड कथांसाठी तो मिळाला, कथासंग्रहाला पहिल्यांदाच. तोवर आमच्या मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव आलं होतं. मानधनाचा वाटा मात्र त्यानंतर वाढवला.

सहावं पान एआयचं. लेखकांनी अँथ्रोपिक या एआय कंपनीवर भरलेल्या खटल्यात जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने म्हटलं, की विकत घेतलेल्या पुस्तकांवर एआय मॉडेल शिकवणं योग्य वापरात, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात, बसतं, पण चोरट्या प्रती साठवणं बसत नाही. सप्टेंबरमध्ये कंपनीने त्या लेखकांशी 1.5 अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. सुमारे पाच लाख पुस्तकं, प्रत्येकी साधारण 3,000 डॉलर. त्यात बसायला तिथल्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी हवी होती, म्हणजे आमचा काही संबंध नाही. तरी लेखकांचे फोन सुरू झाले. आता लिहितो, की लेखकाच्या लेखी संमतीशिवाय फाइल एआय प्रशिक्षणासाठी कुणाला देणार नाही. लेखकानेही मजकूर यंत्राकडून लिहून घेतला असेल तर आधी सांगायचं. या दुसऱ्या वाक्यावर दोघे जण रुसले.

गेल्या महिन्यात एका कवयित्रीने सहाही पानं समोर बसून वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "सगळं ठीक. पण भेटप्रती पंचवीसच?"

तीस केल्या.