विकतचं गवत

"पैसे मोजून गवत आणलंस?" व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बार्शीकडच्या माणसाला गवत ठाऊक ते खुरपणीतलं, नाहीतर म्हशीच्या गव्हाणीतलं. नर्सरीत कुंडीत बसवून, वर किमतीची चिठ्ठी लावलेलं गवत तिच्या हिशेबात कुठे बसणार!

पण इथे अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये लिटल ब्लूस्टेम हे इथलंच मूळचं गवत विकतच आणावं लागतं. एके काळी या राज्याचा निम्म्याहून जास्त भाग गवताळ रान होता. आता त्या मूळ रानाचा हजारातला एक भागसुद्धा उरलेला नाही. जे आहे ते रेल्वे रुळांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत, म्हणजे जिथे नांगर गेला नाही तिथे.

आपली हरळी रांगत रांगत सगळं अंगण बळकावते. हे गवत तसं नाही, ते ठोंब धरून एका जागी बसतं. दोन ठोंबांमध्ये मोकळी जमीन राहते, आणि सगळी गंमत त्या मोकळ्या जागेत आहे. तिथे रानफुलं उगवतात. बॉबव्हाइट नावाच्या लाव्याची पिल्लं त्या बोळांतून तुरुतुरु पळतात आणि वरच्या पात्यांमुळे ससाण्याला दिसत नाहीत. काही छोट्या फुलपाखरांच्या अळ्या हीच पाती खाऊन वाढतात. कमरेएवढं हे गवत, पण मुळं पाच फूट किंवा त्याहूनही खोल. दरवर्षी त्यातली काही मुळं मरतात, कुजतात. हजारो वर्षं हे चाललं आणि इथली माती काळीभोर झाली.

तीच माती त्याच्या मुळावर आली. ती इतकी चिकट, की ओतीव लोखंडाचा नांगर चार पावलांवर थांबवून खरवडावा लागे. १८३७ मध्ये इथल्याच ग्रँड डिटूर गावात जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळ बनवला, आणि गवत गेलं, मका आला. मका, ज्वारी, ऊस आणि हे ब्लूस्टेम, सगळे एकाच कुळातले. म्हणजे चुलतभावानेच वाटणी गिळली. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते?

पहिल्या एप्रिलमध्ये मी ते उपटूनच टाकणार होते. शेजारची हिरवळ हिरवीगार आणि माझं गवत वाळकं सरमाड. मग कळलं, हे ऊन तापल्याशिवाय जागंच होत नाही. मेमध्ये बुडाशी निळसर कोंब दिसले. मध्ये कॉलनीच्या समितीचं 'गवत कापा' असं पत्रही येऊन गेलं. मी 'ही लागवड आहे' अशी पाटी लावली. तेव्हापासून गप्प आहेत.

दिवाळीच्या सुमारास त्याला चिंच लावायच्या आधीच्या तांब्याच्या घागरीचा रंग चढतो. उन्हाच्या दिशेने पाहिलं की काड्यांवर पांढऱ्या केसांचे बारीक तुरे चमकतात. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'स्कोपेरियम'चा अर्थ झाडूसारखं. यंदा लक्ष्मीपूजनाला केरसुणी मिळाली नाही, म्हणून मूठभर काड्या कापून दोऱ्याने बांधल्या आणि आईला दाखवल्या.

तिने चष्मा लावून निरखून पाहिलं.

"हळदकुंकू वाहा," म्हणाली, "आणि आता त्याला पाय लावू नकोस."