स्ट्रीडाचा किनारा: आर्माडाची तीन जहाजं बुडाली तिथे

डब्लिनला राहायला येऊन सात वर्षं झाली, पण स्ट्रीडाला जाणं या सप्टेंबरात जमलं. बायको आणि लेक बरोबर होत्या. स्लायगोपर्यंत रेल्वेने तीन तास लागतात, तिथून उत्तरेला एन-१५ रस्त्यावर ग्रेंज गाव. पुढची वाट समुद्राकडे जाते. गाडी असेल तर बरं.

आर्माडा म्हणजे १५८८ साली स्पेनच्या राजाने इंग्लंडवर पाठवलेला जहाजांचा ताफा. आधीच सांगतो, त्यातलं एकही जहाज किनाऱ्यावरून दिसत नाही. ओहोटीला वाळूत लाकडी बरगड्या उघड्या पडतात आणि लोक तेच स्पॅनिश जहाज समजून फोटो काढतात. तो अठराव्या शतकातल्या एका व्यापारी जहाजाचा सांगाडा आहे. ला लाविया, ला जुलियाना आणि सांता मारिया दे व्हिसोन ही तिन्ही पाण्याखाली, वाळूत आहेत. तिथे परवान्याशिवाय डायव्हिंग करता येत नाही.

तरीही जा. मात्र जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे समोरचा समुद्र वेगळा दिसेल. १५८८च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या कॅलेजवळ इंग्रजांनी पेटती जहाजं आर्माडावर सोडली, तेव्हा जीव वाचवायला बहुतेकांनी नांगराचे दोर कापले. चांगले नांगर तिथेच राहिले. मग स्कॉटलंडला वळसा घालून परतताना पश्चिमेचं वादळ आलं आणि धरून ठेवायला पुरेसं काही उरलं नव्हतं. शिवाय ही तिघं भूमध्य समुद्रातली जहाजं होती, एक व्हेनिसचं, एक कॅटलोनियाचं, एक रागुसाचं, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकचं. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडी समुद्रात घालत नाहीत. इथे तर अटलांटिकच्या तुफानात परक्या पाण्याची गलबतं सापडली होती. चार दिवस ती किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर कशीबशी उभी राहिली. पाचव्या दिवशी वाऱ्याने वाळूवर आपटली आणि तासाभरात तिन्हींचे तुकडे झाले. हजाराहून अधिक माणसं गेली. नंतर जेफ्री फेंटन या इंग्रज अधिकाऱ्याने याच किनाऱ्यावर अकराशेहून जास्त प्रेतं मोजल्याचं लिहिलंय.

हे आपल्याला कळतं ते यातून वाचलेल्या फ्रान्सिस्को दे क्वेयारने लिहिलेल्या पत्रामुळे. हा कप्तान, पण रांग मोडल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेला, म्हणून लावियावर ठेवलेला. त्याला पोहता येत नव्हतं. एका झाकणाच्या फळीवर तो कसाबसा तरला, तरंगत्या ओंडक्यांनी त्याचे पाय चेचले. पुढे एका चर्चमध्ये त्याला बारा स्पॅनिश फासावर लटकलेले दिसले. ते चर्च म्हणजे जवळच्या स्टाड ॲबी या मठाचे अवशेष, असं मानतात. काही भिंतीच उरल्यात, तरी मला तिथून पाय निघेना. पुढे मॅक्क्लान्सी नावाच्या आयरिश सरदाराने त्याला आसरा दिला.

आर्माडा पाठवणाऱ्या स्पेनच्या राजा दुसऱ्या फिलिपच्या ताब्यात तेव्हा गोवाही होता, हे लेकीला सांगितलं तर ती थक्क झाली.

आता कामाचं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच जा. आम्ही भरतीला पोहोचलो, वाळूची पट्टी अरुंद झाली होती आणि लेकीचे बूट भिजले. वारा सप्टेंबरातही बोचरा असतो, वाळू तोंडावर चावते. विंडचीटर आणि कानटोपी हवीच. प्रवाह ओढणारे आहेत, पोहू नका. आर्माडाचं स्मारक पाहायला विसरू नका, ते १९८८चं आहे. ग्रेंजच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत माहिती केंद्र आहे. ते उघडं आहे का, आधी विचारून घ्या. २०१५ साली जुलियानावरून ब्राँझच्या तोफा वर आल्या. एकीवर सेंट मात्रोनाची मूर्ती आणि १५७० हे साल आहे.

वेळ असेल तर बेलफास्ट जोडा. पण लक्षात ठेवा, ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये येतं. रस्त्यात सीमेवर कुणी अडवत नसलं तरी भारतीय पासपोर्टवाल्यांना सहसा वेगळा व्हिसा लागतो. आयर्लंडचा रेसिडन्स परमिट पुरत नाही. तिथल्या अल्स्टर म्युझियममध्ये, प्रवेश मोफत, आर्माडाच्याच जिरोना या जहाजावरचं सोनं आहे. ते २६ ऑक्टोबर १५८८ला अँट्रिमच्या किनाऱ्यावर फुटलं, साधारण तेराशेपैकी मोजकेच वाचले. माणकं जडवलेला छोटा सोन्याचा सॅलॅमँडर, म्हणजे सरड्यासारखा प्राणी, सगळे पाहतात. त्याच साठ्यातली एक सोन्याची अंगठी आहे: हातात धरलेलं हृदय, आणि त्यावर स्पॅनिशमध्ये कोरलेलं, तुला द्यायला माझ्याकडे याहून जास्त काही नाही.