अँगल हेडसेट कुरकुरतो का? कधीकधी. पण दरवेळी तोच नसतो

वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी कोणाच्या ना कोणाच्या माउंटन बाईकच्या (डोंगरात चालवायच्या सायकलच्या) पुढच्या चाकाकडून कर्र-कट आवाज येत असतोच, आणि त्या बाईकला अँगल हेडसेट असला की निकाल तिथल्या तिथे लागतो, "तरी सांगितलं होतं टाकू नको म्हणून." सांगणाऱ्याने स्वतः तो कधी वापरलेला नसतो, पण पुण्यात सल्ला द्यायला अनुभव कधीपासून लागायला लागला? माझ्या जुन्या हार्डटेलला (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला) तो बरेच पावसाळे बसलेला आहे आणि गप्प आहे, म्हणून थोडं लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. फ्रेमच्या पुढच्या नळीत, म्हणजे हेडट्यूबमध्ये, फोर्कची दांडी (स्टिअरर) ज्या बेअरिंगांवर फिरते तो हेडसेट, आणि ती बेअरिंग ज्या वाट्यांमध्ये बसतात ते कप. जुन्या ट्रेल बाईक्सचा हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) ६८-६९ डिग्री असायचा, आता ६४-६५ सर्रास दिसतो. फ्रेम न बदलता एक-दोन डिग्री स्लॅक करायचं, म्हणजे फोर्क जास्त तिरका करायचा, तर हेडट्यूबमध्ये असे कप बसवायचे ज्यांच्यात बेअरिंगची जागा तिरकी असते, वरचा कप स्टिअररला मागे ढकलतो आणि खालचा पुढे. एका डिग्रीला व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) साधारण एक सेंटीमीटर वाढतो, उतारावर बाईक शांत होते, चढावर पुढचं चाक जरा भरकटतं. बास, एवढंच.

आता भरवशाचं. यात मुळात दोन जाती आहेत आणि सगळे दोघांना एकाच तराजूत तोलतात, तिथेच घोळ होतो. एक गिंबलवाली, म्हणजे केन क्रीकचा जुना अँगलसेट होता तशी, कपाच्या आत एक गोलसर रिंग हलू शकते आणि बेअरिंग आपोआप सरळ रेषेत येतं. कल्पना भारी, पण धातूवर धातू टेकलेली एक जास्तीची जागा तयार झाली ना, तिथलं ग्रीस वाळलं, मुरमाची बारीक पूड आत गेली की कुरकुर सुरू. दुसरी जात म्हणजे वर्क्स कंपोनंट्स किंवा वुल्फ टूथचा जिओशिफ्ट, यात कोन कपातच कोरलेला, हलणारं जास्तीचं काही नाही. साध्या हेडसेटइतकीच ती टिकायला हवी आणि टिकते, फक्त बसवणाऱ्याने नीट बसवली तर.

आणि हा "फक्त" मोठा आहे. हिशोब करून बघा, १२० मिमीच्या हेडट्यूबवर १ डिग्री म्हणजे वर-खाली मिळून स्टिअररची रेषा जेमतेम २ मिमी सरकते. एवढ्याशा जागेत कप बसताना थोडा जरी फिरला तर दोन बेअरिंग एका रेषेत राहत नाहीत, फोर्क बाजूला कलतो, बेअरिंग एकाच कडेला घासतं आणि काही महिन्यांत खडखडायला लागतं. कपावर खुणा असतात, त्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाईकच्या बरोबर मधल्या रेषेत यायला पाहिजेत. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत अजून लाकडाचा ठोकळा आणि हातोडा हाच हेडसेट प्रेस! साध्या कपाला ते खपून जातं, इथे नाही खपत. प्रेस नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून आटे असलेला जाड रॉड, दोन नट आणि मोठे वॉशर आणा, दाब कपाच्या बाहेरच्या काठावरच द्या, बेअरिंगच्या जागेवर नको, आणि एका वेळी एकच कप. हेडट्यूबच्या तोंडाला पेंटचा थर असेल तर आधी काढून घ्या, कप तिरका बसायचं ते एक ठरलेलं कारण आहे. आणि मागवण्याआधी हेडट्यूबची लांबी मोजा, काही कंपन्या लांबीप्रमाणे वेगळे कप देतात.

ज्यांच्या फ्रेममध्ये कपच नाहीत, बेअरिंग थेट फ्रेममध्ये पडतं, त्यांनी माझ्या मते या नादाला लागू नये. तिरकं करायला जागाच नसते, जे पर्याय मिळतात ते ओढूनताणून केलेले. झेडएस ४४ किंवा झेडएस ५६ (कप आत बसणारी हेडट्यूब, आकडा आतल्या व्यासाचा, मिमीमध्ये) लिहिलेलं असेल तर खुशाल करा, फ्रेमची वॉरंटी काय म्हणते ते वाचून. स्पेशलाइज्डची स्टंपजंपर ईव्हो (२०२१) किंवा ट्रेक फ्यूएल ईएक्सची सहावी पिढी, यांच्या फ्रेम मुळातच अँगल बदलता येईल अशा बनवल्यात, म्हणजे हा काही जुगाड राहिलेला नाही.

आता तो आवाज. हँडल ९० अंशात वळवा, पुढचा ब्रेक दाबा, बाईक पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट खालच्या कपाच्या सांध्यावर ठेवा. तिथे प्ले (ढिलेपणा) जाणवला तर हेडसेट, आधी टॉप कॅप (स्टिअररवरचं झाकण) आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) नीट आवळा. प्ले नाही, कप काढून साफ करून ग्रीस लावून झालं तरी कट-कट चालूच, तर संशय फोर्कवर घ्या. क्राउन (फोर्कचे दोन पाय वर जोडणारा भाग) आणि स्टिअरर एकमेकांत दाबून बसवलेले असतात, तो सांधा सैल झाला की अगदी हेडसेटसारखाच आवाज करतो आणि ग्रीसने जात नाही, तो पूर्ण भागच बदलावा लागतो. कितीतरी अँगल हेडसेट बिचारे याच्यापायी बदनाम झालेत.

राहिला आपला पावसाळा. खालचं बेअरिंग सगळा चिखल खातं, त्यात वरून प्रेशर वॉशरने हेडट्यूबवर थेट पाणी मारणारे लोक आहेतच. नाना पेठेत बेअरिंग मागितलंत तर ६८०६ काढून देतील, ३०×४२×७, मापाला जवळपास तेच वाटतं, पण हेडसेटच्या बेअरिंगची कड ४५ किंवा ३६ अंशात तासलेली असते, याची नसते, त्यामुळे ते चालणार नाही. योग्य माप बेअरिंगवरच कोरलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा आणि मे महिन्यातच मागवा, कस्टममध्ये अडकलं की गणपती उजाडतात.